ओटिलीबाईंच्या परसातली गावं

ओटिलीबाईंच्या परसात एक अख्खा तालुका नांदत होता.

जर्मनीतल्या कासेल शहरातून पश्चिमेला निघालेली बस पाऊण तासाने ज्या गावात वळून परत जायची, त्या गावातलं शेवटचं घर त्यांचं. पुढे नुसतं रान. साठीच्या अलीकडचं वय, मजबूत बांधा, डोक्याला रुमाल आणि पायात गेलेल्या नवऱ्याचे वाटावेत असे मोठे बूट. नवऱ्याचे ते नव्हतेच, कारण नवऱ्याची एकही वस्तू त्यांच्याजवळ उरली नव्हती. सकाळी मागचं दार उघडून, पत्र्याच्या डब्यात दाणे खुळखुळवत त्या खणखणीत आवाजात पुकारा करायच्या, तो थेट एखाद्या स्टेशनमास्तरसारखा.

"रागनिट! शिलेन! हाइडेक्रूग! टिल्झिट! कुठे उलथली टिल्झिट?"

की राखी अंगावर पांढरे ठिपके असलेल्या अकरा कोंबड्या खुराड्यातून ठुमकत बाहेर यायच्या. सगळ्यात शेवटी, प्रेक्षक बसले की नाही याचा अंदाज घेत नायकाने यावं तसा त्यांचा कोंबडा यायचा. त्याचं नाव 'महापौर'.

"महापौर का?" मालिनीने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"काम काही करत नाही, भाषण रोज करतो," ओटिलीबाई म्हणाल्या.

मालिनी मूळची कुरुंदवाडची. तिचे यजमान श्यामकांत कासेलच्या रेल्वे-इंजिनांच्या कारखान्यात दोन वर्षांच्या प्रशिक्षणासाठी आले होते. साल एकोणीसशे एकोणसाठ. शहरात त्यांना कुणी जागा देईना. एका घरमालकिणीने फोडणीच्या वासाचं कारण सांगितलं, दुसरीने काहीच सांगितलं नाही, नुसतं दार लावलं. ओटिलीबाईंनी एकच प्रश्न विचारला, "पहाटे कोंबडा आरवतो. चालेल?" आणि माळ्यावरच्या दोन खोल्यांची किल्ली हातावर ठेवली.

कोंबड्यांची नावं बायकांची असतील अशी मालिनीची समजूत होती. ती गावांची होती हे तिला हिवाळ्यात, बटाटे सोलता सोलता कळलं.

"पूर्व प्रशियातली. आमच्या तालुक्यातली," ओटिलीबाई म्हणाल्या. "नकाशावर आता त्यांची नावं वेगळी आहेत. रशियन. माझ्याकडे जुनीच आहेत."

पंचेचाळीस सालच्या जानेवारीत रशियन फौजा आल्या, आणि त्या तालुक्यातली माणसं बर्फातून पश्चिमेकडे निघाली. ओटिलीबाईंचा नवरा आघाडीवरून परतलाच नव्हता. त्यांनी हातगाडीवर गादी, भांडी आणि सासू घेतली. सासू वाटेत गेली. निघताना त्यांनी एकच गोष्ट केली, खुराड्याचं दार उघडून दिलं.

"बाहेर कडाक्याची थंडी. आत ठेवल्या असत्या तर उपाशी मेल्या असत्या, सोडल्या तर गारठून. मी उघडलं. अजून कळत नाही, बरं केलं की वाईट."

पुढे चार वर्षं निर्वासितांच्या बराकीत. तिथे त्यांच्याच तालुक्यातली एक बाई भेटली. तिच्या भावाने युद्धाच्या आधीच त्या ठिपक्यांच्या जातीच्या कोंबड्या इकडे पश्चिमेला आणून वाढवल्या होत्या. त्याच्याकडची सात अंडी ओटिलीबाईंनी कोटाच्या आत, छातीशी बांधून बसने आणली आणि शेजारणीची खुडूक कोंबडी मागून तिच्याखाली ठेवली. चार पिल्लं निघाली. परसातला सगळा तालुका त्या चारांचा. तो भाऊ नंतर वारला, त्याच्या कोंबड्या बाजारात विकल्या गेल्या. म्हणजे ती जात आता, निदान ओटिलीबाईंना ठाऊक असलेल्या जगात, या एका परसात उरली होती. दर वसंतात एक तरी कोंबडी खुडूक बसायची, आणि ओटिलीबाई गर्भारशीच्या आईसारख्या हलक्या पावलांनी वावरायच्या.

साठ सालच्या नोव्हेंबरात मालिनीला मुलगी झाली. आठव्या दिवशी, दिवे लागायच्या वेळेला, ती गेली.

बारसं बाराव्या दिवशी असतं. मुलीला नावच नव्हतं. पण नोंदणीच्या कचेरीत नाव लागतं, तेव्हा श्यामकांतांनी घाईघाईने आपल्या आईचं, 'सरला' असं लिहिलं. मालिनीने त्या नावाने तिला कधी हाक मारली नाही. मारायला वेळच मिळाला नव्हता. पाद्र्याशी बोलून गावच्या स्मशानात कोपऱ्यातली जागा मिळवली ओटिलीबाईंनी. फावड्यातली पहिली माती टाकली तीही त्यांनीच, कारण श्यामकांतांचे हात चालेनात. त्यानंतर महिनाभर रोज सकाळी जिन्यावर बुटांचा आवाज व्हायचा आणि दाराबाहेर एक अंडं ठेवलेलं असायचं, ऊन ऊन. मालिनी अंडं खात नसे. ओटिलीबाईंना ते माहीत होतं. तरी ठेवायच्या. मालिनी ते हातात धरून बसायची, निवेपर्यंत.

मालिनीच्या सासूबाईंनी तिला एक व्रत लावून दिलं होतं. आपण जेवण्याआधी कावळ्याला घास ठेवायचा. परदेशात गेलं म्हणून सोडायचा नाही. खुराड्याच्या पलीकडे, रानाच्या बाजूला दगडी कठडा होता, तिथे ती दुपारी भाताची मूद ठेवायची. कावळे तिथेही होतेच, आणि कावळे कुठल्याही देशाचे असोत, भाताला नाही म्हणत नाहीत.

मुलगी गेल्यावर तिने दुसरा घास सुरू केला. संध्याकाळचा.

तान्ह्या जिवाला पिंड नसतो, श्राद्ध नसतं. शास्त्राने त्याच्यासाठी पानच मांडलेलं नाही. मग ते मालिनीने मांडलं. मऊ भात, त्यात दूध, चिमूटभर साखर, बशीत घालून तिन्हीसांजेला कठड्यावर. श्यामकांतांना तिने सांगितलं नाही. त्यांना कळलं होतं, पण त्यांनी विचारलं नाही.

हिवाळाभर दूधभात कधी गोठून जायचा, कधी पाखरं टोचायची. मार्च उजाडला, बर्फ वितळला, आणि रोज सकाळी बशी लख्ख मिळू लागली. एक दिवस तिला कठड्याखालच्या ओल्या मातीत ठसे दिसले. पाच बोटं, मधे तळवा. तान्ह्या मुलाने मातीत हात दाबावा तसे, एकाशेजारी एक.

मालिनी खुळी नव्हती. जनावर आहे, हे तिला पहिल्या नजरेत कळलं. पण समोर रंगवलेला पडदा आहे हे ठाऊक असून नाटकातलं मरण पाहताना आपले डोळे भरतातच ना? ती तिथे उकिडवी बसली. एका ठशावर तिने आपलं बोट टेकवलं. त्या संध्याकाळी भात तिने जरा जास्त शिजवला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रागनिट गेली. खुराड्यात पिसं आणि मान तोडलेलं धड. चौथ्या दिवशी शिलेन. मग हाइडेक्रूग आणि तिची बहीण एकाच फेरीत.

"मार्डर!" ओटिलीबाई म्हणाल्या. मार्डर म्हणजे मुंगसासारखं लांबोडं, चपळ जनावर. त्यांनी जाळी ठोकली, फटी बुजवल्या. दुसऱ्या दिवशी दाराची कडी काढलेली मिळाली. तोडलेली नव्हे, काढलेली.

तेव्हा त्यांनी डेगेनहार्टना बोलावलं. गावचे निवृत्त वनरक्षक. हिरवी टोपी, पांढऱ्या मिश्या, सायकलच्या मागे बांधलेली एक लांबट लाकडी पेटी. त्यांनी कडी पाहिली, धड पाहिलं आणि पाइप पेटवला. ओटिलीबाईंना ते आडनावाने, 'फ्राऊ पेटेराइट' म्हणत.

"आल्झो, तर हा मार्डर नाही. हा वाशबेर. खाणं पाण्यात चोळून खातो म्हणून धुणारं अस्वल म्हणायचं, एरवी आकार बोक्याएवढा. याला पंजे नाहीत, फ्राऊ पेटेराइट, हात आहेत. कडी काढतो, झाकण उघडतो. एडरच्या धरणाकडे कुणी तरी तीसेक वर्षांपूर्वी आणून सोडला, रानाला शोभा म्हणून! अमेरिकेचा आहे."

"मग जाईल परत?"

"अमेरिकन एकदा आले की जातात होय? कासेलमधले त्यांचे फौजी बघा जरा."

"तुम्ही विनोद नका करू. पकडा."

पेटीला दोन्ही टोकांना वरून पडणारी दारं होती, मधे एक फळी. फळीवर वजन पडलं की दोरी सुटून दारं खाली. डेगेनहार्टांनी हातांना खुराड्यातलं गवत चोळलं, माणसाचा वास लागू नये म्हणून, आणि फळीवर एक अंडं ठेवलं.

पहिल्या सकाळी पेटीत सापडला तो बेकरीवाल्याचा बोका. तो असा काही बोंबलत होता की अर्धं गाव कुंपणाशी जमलं.

"अभिनंदन," ओटिलीबाई म्हणाल्या. "उद्या तुमची टोपी सापडेल."

त्यानंतर आठ सकाळी अंडं जागच्या जागी. आणि त्या आठ दिवसांत आणखी चार कोंबड्या गेल्या. नवव्या दिवशी डेगेनहार्ट पेटीशी गुडघ्यावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. मालिनी तीन हातांच्या अंतरावर दोरीवर कपडे वाळत घालत होती.

"अंड्याला शिवतसुद्धा नाही," ते म्हणाले. "भुकेलेलं जनावर सापळ्यात येतं, फ्राऊ पेटेराइट. हा भुकेला नाही. हा रोज रानातून इथे येतो तो पोटभर जेवायला. कुणी तरी याला खाऊ घालतंय. जेवण झालं की जाता जाता खुराड्यात हात घालतो, खेळ म्हणून."

"या गावात? वाशबेरला? कोण एवढं मूर्ख?"

"ते मला काय माहीत. पण ते जेवण बंद झालं, की हा दोन दिवसांत पेटीत येईल. गेनाऊ, अगदी नक्की."

मालिनीच्या हातातला पंचा दोरीवरून घसरून खाली पडला. तिने तो उचलला, झटकला, पुन्हा घातला.

आता परसात तीनच कोंबड्या उरल्या होत्या आणि महापौर. त्या तिघींतली टिल्झिट खुडूक बसली होती, नऊ अंड्यांवर. ओटिलीबाईंनी तिला खुराड्यातून काढून लाकडाच्या खोपटात हलवलं, दाराला खिट्टी, खिट्टीला तार, तारेला गाठ. इतर दोघींना आणि महापौरालाही तिथेच कोंडलं. "सोळा दिवस झाले," त्या मालिनीला म्हणाल्या. तिला त्या 'किंड', म्हणजे 'लेकरा' म्हणत. "पाच दिवस राहिले, किंड. पाच दिवस निघाले की माझा तालुका परत उभा राहतो. चार पिल्लांतून उभा केला होता, नवांतून का नाही होणार?"

त्या संध्याकाळी मालिनीने भात शिजवला नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. पण पेटी रिकामीच होती, आणि तिसऱ्या संध्याकाळी दिवे लागायची वेळ झाली तेव्हा तिला घरात उभं राहवेना. ती तीच वेळ होती. ती चुलीशी गेली, परत खिडकीशी आली, परत चुलीशी.

"अहो," ती म्हणाली, "एक दिवस थोडासा ठेवला तर?"

श्यामकांतांनी वर्तमानपत्र खाली केलं. त्यांना डेगेनहार्टांचं बोलणं माहीत नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की बायको सहा महिन्यांनी काही तरी मागते आहे.

"ठेव की," ते म्हणाले. "कुणाचं काय जातंय?"

तिने मूठभरच केला. बशी नव्हती नेली, पानावर ठेवला.

सकाळी ओटिलीबाईंनी पुकारा केला नाही. पत्र्याचा डबा वाजला नाही. त्या शांततेनेच मालिनी जागी झाली आणि अनवाणी खाली धावली. खोपटाच्या तारेची गाठ तशीच होती. मागची एक कुजकी फळी उचकटलेली होती. दोन कोंबड्या दारात पडलेल्या. टिल्झिट मात्र अंड्यांवरून हललीच नव्हती. खुडूक कोंबडी उठत नाही. जागच्या जागी मेली होती, पंख पसरून. तिच्याखालची अंडी फोडलेली. त्यांत पिल्लं होती, डोळे मिटलेली, ओली, जवळजवळ पुरी झालेली. वर आढ्यावर महापौर बसला होता, अंग चोरून.

ओटिलीबाई एका ओंडक्यावर बसल्या होत्या. रडत नव्हत्या. टिल्झिटच्या पंखावरचा भुसा एकेक करून काढत होत्या.

मालिनी समोर उभी राहिली आणि तिने सांगितलं. तिची जर्मन मोडकी होती, पण त्या सकाळी एकही शब्द अडला नाही. भात, दूध, कठडा, मार्चपासून लख्ख होणारी बशी.

"पक्ष्यांना?" ओटिलीबाईंनी विचारलं.

"दुपारचा कावळ्यांना. संध्याकाळचा तिच्यासाठी."

कोण ती, हे ओटिलीबाईंनी विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "डेगेनहार्ट बोलले तेव्हा तू कपडे वाळत घालत होतीस."

"हो."

"तेव्हा तुला कळलं."

"हो."

"आणि काल?"

"काल ठेवला. थोडासा."

महापौराने वरून एकदा पंख झटकले. ओटिलीबाई उठल्या. त्यांनी टिल्झिटला ॲप्रनमध्ये घेतलं.

"वर जा, फ्राऊ मालिनी," त्या म्हणाल्या. 'किंड' म्हणाल्या नाहीत.

दुपारी जिन्याखालून त्यांचा आवाज आला. वर त्या आल्या नाहीत. "संध्याकाळी तो भात करून द्या. डेगेनहार्ट पेटी लावताहेत."

मालिनीने भात केला. पातेल्यात ढवळताना तिला आपला हात दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता. डेगेनहार्टांनी तिलाही हाताला गवत चोळायला लावलं आणि पेटीचं दार धरून म्हणाले, "तुम्हीच ठेवा. त्याला तुमच्या हातची सवय आहे." तिने वाकून दूधभात फळीवर ठेवला. त्या वेळी तिथे कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

सकाळी दोन्ही दारं पडलेली होती. डेगेनहार्टांनी पेटी सायकलला बांधली, वर पोतं टाकलं. फटीतून गुरगुरणं ऐकू येत होतं, आणि मधूनच एक बारीक, चिरका आवाज.

"मादी आहे," ते म्हणाले. "दूध सुटलेलं आहे. रानात कुठे तरी झाडाच्या ढोलीत पिल्लं असतील."

"मग आता ती पिल्लं?" मालिनीने विचारलं.

डेगेनहार्टांनी टोपी सारखी केली. त्यांच्या तोंडी नेहमी एखादा विनोद तयार असायचा. त्या दिवशी नव्हता. "मे महिना आहे, बाई, पिल्लांचे अजून डोळेही उघडले नसतील," एवढंच म्हणाले, आणि सायकल हातात धरून चालत रानाच्या रस्त्याला लागले.

त्यानंतर तीन आठवडे त्या घरात दोन बायका एकाच नळाचं पाणी भरत होत्या आणि बोलत नव्हत्या. 'नमस्कार' होत असे, 'पत्र आलंय' होत असे. श्यामकांत दुसरी जागा बघू लागले. "आपण नको राहायला," ते म्हणाले, "त्यांना रोज आपली तोंडं बघावी लागतात." मालिनीने ऐकून घेतलं. रविवारी ती स्मशानात गेली, तर त्या कोपऱ्यातली माती भिजलेली होती, तण उपटलेलं होतं, आणि बाजूला मोठ्या बुटांच्या खुणा. बोलणं बंद होतं. पाणी घालणं बंद झालं नव्हतं.

महापौर मात्र बिघडला. पहाटे आरवेना. दिवसभर रिकाम्या परसात फिरायचा, दाणा सापडला की मान वाकवून कोंबड्यांना बोलवायचा तसा कुटकुट आवाज करायचा, वाट पाहायचा, आणि दाणा तसाच टाकून पुढे जायचा. शेजारणीने आपल्या दोन पांढऱ्या कोंबड्या देऊ केल्या. ओटिलीबाई म्हणाल्या, "आभारी आहे. पण त्यांना नावं काय देऊ?"

जूनच्या एका शनिवारी परसातून ओंडक्यावर कुऱ्हाड पडल्याचा एकच आवाज आला. रविवारी बारा वाजता ओटिलीबाई तीन आठवड्यांत पहिल्यांदा जिना चढून आल्या. अंगावर चर्चचा काळा पोशाख होता.

"खाली जेवायला या. दोघंही."

टेबलावर पांढरं कापड होतं. मधे मोठ्या भांड्यात रस्सा, त्यात महापौर. एका बाजूला वेगळ्या वाडग्यात उकडलेले बटाटे आणि काकडी, मालिनीसाठी.

"आमच्याकडे माणूस गेलं की पुरून आल्यावर सगळी एकत्र जेवायला बसतात," ओटिलीबाई म्हणाल्या. "नोव्हेंबरात मी तुम्हाला जेवायला घातलं नाही. तुमची रीत काय, मला माहीत नव्हतं, म्हणून भ्याले. आणि पंचेचाळीस साली वाटेत सासूला पुरलं, तेव्हा जेवायला काही नव्हतंच. आता हे सगळ्यांचं एकदम." त्यांनी डाव उचलला. "म्हातारा आहे, चिवट लागेल. श्यामकांत, तुम्ही खाता ना?"

श्यामकांत कारखान्याच्या कँटीनमध्ये गुपचूप खात असत. त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि मान हलवली.

त्यांना वाढून झालं. ओटिलीबाईंनी स्वतःला वाढून घेतलं, आणि बटाट्यांचा वाडगा मालिनीकडे सरकवला. मालिनीने तो बाजूला ठेवला आणि आपली ताटली पुढे केली.

डाव हवेतच थांबला.

"तू हे खात नाहीस," ओटिलीबाई म्हणाल्या.

"नाही खात."

"मग नको. मी तसं काही मागत नाहीये तुझ्याकडे. उगाच शिक्षा करून घेऊ नकोस, किंड. माझ्या टेबलावर नको."

"शिक्षा नाही," मालिनी म्हणाली. "तुम्ही सगळ्यांचं म्हणालात ना? मग मीही बसते."

ओटिलीबाईंनी रश्श्यातून एक लहानसा तुकडा शोधला, मऊ, हाडाशिवायचा, तो तिच्या ताटलीत ठेवला, आणि रश्श्याचा अर्धा डाव वर घातला. मालिनीने तो तोंडात घातला. तो खरंच चिवट होता. चावायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ ओटिलीबाई आपला चमचा हातात धरून थांबल्या, आणि तिने गिळल्यावर मगच जेवायला लागल्या.